बाबांच्या फाईलमध्ये रिलायन्सचे १९७७ चे कागद सापडलेत, धीरूभाई अंबानींबद्दल खरं काय ते कोणी सांगेल का?

गिरणगावची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

बाबा मागच्या वर्षी गेले. परवा त्यांचं कपाट आवरायला घेतलं तर खालच्या खणात, साड्यांच्या रिकाम्या खोक्यात, दोरीने बांधलेली एक फाईल मिळाली. उघडली तर सगळे रिलायन्सचे कागद. १९७७ च्या शेअरच्या अर्जाची पावती, ५० शेअर मिळाल्याचं अलॉटमेंट लेटर, डिव्हिडंडच्या चिठ्ठ्या एकाला एक टाचणीने लावलेल्या, डिबेंचरची (कंपनीने लोकांकडून घेतलेल्या कर्जाची) दोन-तीन पत्रं, आणि १९८६ च्या वार्षिक सभेची नोटीस. त्या नोटिशीवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'सुट्टी टाकणे'. बस एवढंच.

शेअर आता नाहीत, ते माहितीये, डोंबिवलीच्या खोलीचं डिपॉझिट भरताना विकले असं आई म्हणते. त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे.

बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत क्लार्क होते. दहा रुपयाचा शेअर, म्हणजे ५० शेअरचे पाचशे रुपये, त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास. ज्या माणसाने आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, भिशीलाही घाबरायचा, त्याने महिन्याचा पगार एका अशा माणसाच्या हातात दिला ज्याला तो कधी भेटला नव्हता. आणि तो माणूस पॉलिएस्टरवाला! बाबा पक्के कॉटनचे. लहानपणी घरात कुठलंही नवीन कापड आलं की ते कडेचा एक धागा ओढून काढायचे आणि काडी लावायचे. सुती असला की कागदासारखा जळून राख व्हायची, बोटाने चुरली की भुर्र. पॉलिएस्टरचा असला की वितळून टोकाला टणक काळा मणी व्हायचा. तो मणी आमच्या हातावर ठेवून म्हणायचे, बघ, हे झाडावर उगवत नाही.

नंतर १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला आणि तो कधी संपलाच नाही. बाबांची गिरणी गेली. पण ही फाईल त्यांनी शेवटपर्यंत ठेवली.

धीरूभाईंबद्दल मी जे काही ऐकलंय ते दोनच प्रकारचं आहे, एकतर पेट्रोल पंपावरचा पोऱ्या राजा झाला, नाहीतर सगळं सेटिंग होतं. मला ह्या दोन्हीच्या मधलं काहीतरी हवंय. शाळामास्तरचा मुलगा तिथपर्यंत पोचला कसा, आणि माझ्या बाबांसारख्या घाबरट माणसाने त्याच्यावर विश्वास का ठेवला. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी प्लीज लिहा.

---

भिवंडीचा_माग

ताई, धागा जाळायचं वाचून माझ्या वडिलांची आठवण आली, आमच्याकडेही अगदी हेच चालायचं. आमचे भिवंडीत माग होते, त्यामुळे मी सुताच्या बाजूने सांगतो, शेअरबिअरचं दुसरं कोणी सांगेल.

पहिली गोष्ट, ते पेट्रोल पंपाचं अर्धवट सांगतात लोक. जन्म २८ डिसेंबर १९३२, चोरवाड, जुनागढकडचं गाव, वडील हिराचंदभाई शाळेत शिक्षक, घरात पैशाची ओढाताण. मॅट्रिकनंतर एडनला गेले कारण मोठे भाऊ रमणिकभाई आधीच तिथे होते. नोकरी लागली ए. बेस अँड कंपनीत, आणि ही काही टपरी नव्हती, एडनमधली त्या काळची फार मोठी व्यापारी पेढी होती, शेल कंपनीच्या तेलाची वितरक. म्हणजे पोरगा पंपावर राहिला असेल थोडे दिवस, पण शिकला काय तर तेल कुठून येतं, जहाज कसं भरतात, हुंडी-बिलं कशी फिरतात, भाव का हलतो. एडन म्हणजे सुएझकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांचं इंधन भरायचं बंदर. आणि ते तिथे असतानाच १९५४ मध्ये बीपीची रिफायनरी सुरू झाली. रोज डोळ्यासमोर रिफायनरी. पुढे जामनगरला रिफायनरीचं जे केलं त्याचं बी कुठे पडलं असेल ते मला तरी इथे दिसतं.

रियालची गोष्ट पण सांगतात, की येमेनी नाण्यातल्या चांदीची किंमत नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होती म्हणून नाणी गोळा करून वितळवून चांदी विकली. ती किती खरी, किती फुगवलेली, ते सोडा, स्वभाव मात्र कळतो, फरक कुठे आहे ते आधी शोधायचं.

१९५८ ला परत आले. मस्जिद बंदरला नरसीनाथ स्ट्रीटवर साडेतीनशे स्क्वेअर फूट ऑफिस, एक टेबल, तीन खुर्च्या, एक फोन. पंधरा हजाराचं भांडवल. राहायला भुलेश्वरला जय हिंद इस्टेटमध्ये दोन खोल्या. चंपकलाल दमाणी म्हणून नात्यातले भागीदार होते. सुरुवातीला मसाले एडनला पाठवायचे, मग सुताच्या व्यापारात शिरले, पायधुणीच्या सूत बाजारात.

आता हा सूत बाजार नीट समजून घ्या कारण सगळी किल्ली तिथे आहे. त्या काळात नायलॉन, पॉलिएस्टरचं फिलामेंट सूत देशात पुरेसं बनतच नव्हतं आणि बाहेरून आणायला लायसन्स लागायचं. पण सरकारला डॉलर हवे होते म्हणून स्कीम होती, तुम्ही रेयॉनचं किंवा नायलॉनचं कापड एक्स्पोर्ट केलंत तर त्याबदल्यात अमुक इतकं सूत आयात करायचा हक्क मिळायचा. आता आयात सुताचा भाव बाजारात असा चढा की एक्स्पोर्टमध्ये थोडा लॉस गेला तरी चालायचा, मागून येणारं सूत सगळं भरून काढायचं. हे सगळ्यांना माहिती होतं हो, पायधुणीचा पोरगासुद्धा सांगायचा. पण बाकीचे दलाल लायसन्स घेऊन विकून मोकळे व्हायचे, रोखीचा नफा खिशात. धीरूभाईंनी १९६६ ला अहमदाबादजवळ नरोड्याला स्वतःची मिल टाकली. म्हणजे एक्स्पोर्टचं कापडही माझंच, त्याबदल्यात येणारं सूतही माझंच. आणि वय तेव्हा तेहेतीस. दमाणी आदल्याच वर्षी वेगळे झाले होते, एवढी जोखीम घेणारा माणूस प्रत्येकाला झेपत नाही.

पुढे ब्रँड काढला विमल, रमणिकभाईंच्या मुलाचं नाव. आणि इथे बाजाराने त्यांना अडवलं. कापडाचे जुने होलसेलवाले जुन्या गिरण्यांशी बांधलेले, ते नवीन माल ठेवेनात. मग काय केलं तर होलसेलरला बायपास. गावोगावी स्वतःची विमलची दुकानं, शोरूम, फ्रँचायझी, एका दिवसात अनेक ठिकाणी उद्घाटनं. माझ्या लहानपणी आमच्या भागात विमलच्या दुकानाला काच होती आणि आत एसी होता, बाकी कापडवाल्यांकडे गादीवर बसायचं. सुटिंगचा पीस घ्यायचा म्हणून वडील आम्हाला घेऊन गेले होते आणि चपला बाहेर काढाव्यात का म्हणून आम्ही दारात थांबलो होतो, एवढं सांगतो.

एक गोष्ट तुमच्या बाबांसाठी. मुंबईच्या गिरण्या का गेल्या ह्याची कारणं खूप आहेत, जुन्या मशिनी, नफा काढून घेतला पण परत घातला नाही, संप, जमिनीचे भाव, आणि आमचे मागवाले पण, खोटं का बोलू, संपात गिरण्यांचं कितीतरी काम भिवंडीला आलं. पण खालून पाया सरकत होता तो पॉलिएस्टरने. एक साडी सुती घेतली तर वर्ष-दीड वर्ष, पॉलिएस्टर असेल तर फाटतच नाही, इस्त्री नको, कांजी नको. बायकांनी ठरवलं ते. तुमचे बाबा गिरणीच्या टेबलावर बसून हे रोज बघत असणार. मला नाही वाटत त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला, त्यांना कापड कळत होतं म्हणून त्यांनी पाचशे रुपये लावले.

---

वलणाचा_दिवस

वर माग साहेबांनी मस्त लिहिलंय. मी बाजाराच्या बाजूने लिहितो. १९७९ पासून दलाल स्ट्रीटला एका ब्रोकरकडे कारकून होतो, ट्रान्सफर डीड भरणं, सह्या जुळवणं, सर्टिफिकेटचे गठ्ठे खांद्यावरून नेणं, हे काम.

ताई, तुमच्या बाबांसारखी माणसं आली ना, तिथूनच खरी गोष्ट सुरू होते. त्याआधी शेअर म्हणजे श्रीमंत पारशी, मारवाडी, गुजराती घरांचा विषय. मराठी नोकरदार पोस्टात पैसे ठेवायचा नाहीतर सोनं. धीरूभाईंना पैसा हवा होता आणि बँका, सरकारी वित्तसंस्था त्यांच्या भुकेएवढा देणार नव्हत्या. मोठी घराणी पिढ्यानपिढ्या ओळखीवर पैसा उचलायची, ह्यांच्याकडे घराणंच नव्हतं. म्हणून ते लोकांकडे गेले. १९७७ चा इश्यू, दहाचा शेअर दहालाच, अठ्ठावन्न हजार लोकांनी पैसे लावले. त्याच सुमारास फेरा कायद्यामुळे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यामुळे, परदेशी कंपन्यांनाही आपले शेअर भारतीयांना विकावे लागत होते, म्हणून मध्यमवर्गाला शेअरची गोडी नुकती लागत होती, वेळ बरोबर साधली गेली.

पण दहाला दहा का, हा प्रश्न विचारा. कारण तेव्हा शेअर कितीला विकायचा ते कंपनी ठरवायचीच नाही, दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज म्हणून ऑफिस होतं ते ठरवायचं, आणि ते कायम कमीच ठरवायचं. १९९२ पर्यंत हे चाललं. म्हणजे शेअर विकून पैसा उभा करायचा तर कंपनीला तोटा, स्वस्तात मालकी जाते. ह्यावर तोड काय काढली तर डिबेंचर. आधी कर्ज म्हणून घ्यायचे, त्यातला काही भाग ठरावीक दिवसांनी शेअर होणार असं सांगायचं. लोकांना व्याजही मिळतंय आणि शेअरची आशाही. आणि मग १९८३ मध्ये जो भाग शेअर होणारच नव्हता, नॉन-कन्व्हर्टिबल, तोही शेअरमध्ये बदलून दिला! आमच्या ऑफिसात सिनियर मंडळी दोन दिवस कागद घेऊन बसली होती, हे चालतं का म्हणून. कंपनीच्या डोक्यावरचं व्याज एका फटक्यात उतरलं, लोकांना बाजारात महाग असलेला शेअर हातात मिळाला. तुमच्या फाईलमधली ती डिबेंचरची पत्रं म्हणजे हेच असणार, जपून ठेवा.

ह्यात एक मेख आहे. हे सगळं चालतं कधी, तर शेअरचा भाव वर असेल तेव्हाच. भाव पडला की डिबेंचर कोणी घेणार नाही, कारखान्याचा पैसा अडकला. म्हणून ते भावाला एवढे जपायचे. आणि मंदीवाल्यांनी नेमकी तीच नस पकडली.

मार्च १९८२. कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी हातात नसलेले रिलायन्सचे शेअर विकायला सुरुवात केली, पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात साडेतीन लाख शेअर ओतले म्हणतात. हिशोब सोपा, भाव कोसळणार, मग स्वस्तात घेऊन डिलिव्हरी द्यायची. पण समोरून कोणीतरी विकत घेतच राहिलं. जेवढे विकाल तेवढे घेतो. आम्ही पोरं रिंगणाच्या बाहेर उभं राहून बघायचो, घेणारे ब्रोकर दिसत होते पण मागे कोण ते कळत नव्हतं, सगळे कुजबुजत मात्र एकच नाव घ्यायचे. एप्रिलच्या शेवटी वलणाचा, म्हणजे सौदे मिटवायचा, दिवस आला आणि घेणाऱ्यांनी सांगितलं, शेअर द्या. बदला करून, म्हणजे सौदा पुढच्या वलणावर ढकलू म्हटलं तर उंधा बदला, म्हणजे ढकलण्याबद्दल विकणाऱ्याने भरायची रक्कम, मागितला. मंदीवाल्यांकडे शेअर कुठे होते द्यायला! मे महिन्यात बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, मी नोकरीला लागल्यापासून असलं कधी बघितलं नव्हतं, ऑफिसात नुसते चहा पीत बसलो होतो. मग मंदीवाल्यांनी चढ्या भावाने कुठून कुठून शेअर आणून सौदे पुरे केले. त्या दिवसापासून धीरूभाई म्हणजे छोट्या शेअरहोल्डरचा राखणदार अशी प्रतिमा झाली ती कायमची.

आणि आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. एवढे शेअर विकत घेणारा पैसा आला कुठून? परदेशस्थ भारतीयांच्या कंपन्यांतून. संसदेत प्रश्न आला तेव्हा अर्थमंत्री प्रणब मुखर्जींनी आकडा दिला, एका वर्षात बावीस कोटींपर्यंत. त्या कंपन्या आयल ऑफ मॅनला नोंदलेल्या आणि नावं बघा, क्रोकोडाईल, लोटा, फियास्को. रिझर्व्ह बँकेने चौकशी केली, बेकायदा काही सापडलं नाही असा निष्कर्ष आला. पण बाजारातल्या माणसाला जो प्रश्न पडायचा तो पडलाच.

हो, ती १९८६ ची सभा. क्रॉस मैदानात झाली होती, तीस-पस्तीस हजार माणूस. जगात कुठली कंपनी मैदान घेऊन सभा भरवत होती सांगा. मी गेलो होतो, मांडवात शेवटच्या बाजूला बसलो. नोटिशीच्या शेवटच्या पानाला खाली अटेंडन्स स्लिप असायची, ती भरून, फाडून दारावर द्यायची, त्याशिवाय आत सोडायचे नाहीत. बघा तुमच्या नोटिशीला ती आहे का.

---

स्पष्ट_बोलतो

सगळं छान आहे पण 'स्वतःच्या हिमतीवर' हा शब्द वापरताना मला थांबावंसं वाटतं. हिंमत होती, नाही कोण म्हणतंय. पण लायसन्स राजमध्ये कारखान्याची क्षमता किती हे दिल्ली ठरवायची, आयात कोणी करायची ते दिल्ली ठरवायची, जकात किती ते दिल्ली ठरवायची. अशा व्यवस्थेत जो सर्वात मोठा होतो तो फक्त कारखानदार म्हणून मोठा होत नाही.

१९८५ चं पीटीए प्रकरण वाचा. पॉलिएस्टरचा कच्चा माल, मे अखेरीस सरकारने खुल्या आयातीच्या यादीतून काढला आणि त्याच्या आधी थोड्याच दिवसांत रिलायन्सने परदेशी पुरवठादारांच्या नावे भल्यामोठ्या मालाची एलसी (बँकेची पैसे देण्याची हमीपत्रं) उघडून ठेवलेली. ह्यावरून केवढं रान उठलं होतं. त्यानंतर इंडियन एक्सप्रेसने रामनाथ गोएंकांच्या काळात गुरुमूर्तींची रिलायन्सविरुद्धची लेखमाला चालवली. दुसरीकडे बॉम्बे डाईंगचे नस्ली वाडिया, ते डीएमटीवाले आणि हे पीटीएवाले, एकाच पॉलिएस्टरचे दोन कच्चे माल आणि त्यावर मंत्रालयं हलत होती. पुढे धीरूभाई एल अँड टी ह्या इंजिनियरिंग कंपनीत शिरले, १९८९ ला चेअरमन झाले, सरकार बदललं आणि १९९० ला बाहेर पडावं लागलं. ह्यावरूनच कळतं दिल्लीचं वारं किती लागत होतं, फायद्यालाही आणि तोट्यालाही.

मी त्यांना खलनायक म्हणत नाहीये. व्यवस्था सडकी होती आणि त्यांनी ती इतरांपेक्षा चांगली वाचली. पण ज्या छोट्या उद्योजकाला दिल्लीत कोणी विचारत नव्हतं, ज्याचा अर्ज टेबलावर धूळ खात पडला, त्याची गोष्ट कोणी लिहीत नाही. माझे काका त्यातलेच, छोटं युनिट टाकायचं होतं, लायसन्सची वाट बघत चार वर्षं गेली आणि मग नाद सोडला. म्हणून हा विषय निघाला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

---

पाताळगंगेकाठचा

काकांचं वाईट वाटलं दादा. तुमचं म्हणणं मी खोडत नाही, मी फक्त डोळ्याने बघितलेलं सांगतो. आमचं गाव रसायनीजवळ. मी तेव्हा कॉलेजात, घरातले दोघंजण कंत्राटदाराकडे कामाला.

पाताळगंगेचा रिलायन्सचा पॉलिएस्टर सुताचा प्लांट १९८२ च्या शेवटाला सुरू झाला, ड्यूपॉन्टचं तंत्रज्ञान, दहा हजार टनाची क्षमता. आणि देशाची त्या सुताची मागणी तेव्हा सहा हजार टनांच्या आसपास! लोक हसायचे की हे सूत घालणार कोणाला. त्यांचं गणित उलटं होतं, आधी मोठा कारखाना टाकायचा म्हणजे माल स्वस्त पडतो आणि माल स्वस्त झाला की घेणारा आपोआप तयार होतो. बाकीचे लायसन्समध्ये जेवढं लिहिलंय तेवढंच बांधायचे. हा विचार तुम्ही पुढे सगळीकडे बघा, हजिऱ्याला १९९१ मध्ये तेच, जामनगरला १९९९ मध्ये तेच, दोन कोटी सत्तर लाख टनाची रिफायनरी माळरानावर, आणि तिच्याही पैशाचा काही भाग पुन्हा सामान्य लोकांच्या डिबेंचरमधून. सुतापासून मागे मागे जात तेलापर्यंत पोचला माणूस. कापड, मग त्याचं सूत, मग सुताचं पीटीए, मग पॅराझायलीन, मग नॅफ्था, मग क्रूड. उलट्या पावलांनी चढलेला डोंगर म्हणा.

पण मला लिहायचंय ते पुराबद्दल. २४ जुलै १९८९. त्या दिवशी जो पाऊस झाला तो आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनीही बघितला नव्हता. नदी कारखान्यात शिरली. पाणी उतरल्यावर आत गेलेले लोक सांगायचे की मशिनवर मशिन दिसत नव्हतं, नुसता गाळ, ओंडके, मेलेली जनावरं, वायरींच्या जाळ्यात अडकलेलं गवत. आणि हे साधे माग नव्हेत, केसापेक्षा बारीक तार काढणारी यंत्रं, कॉम्प्युटर, हजारो मोटारी. परदेशी तज्ज्ञ म्हणाले तीनेक महिने तरी लागतील. प्लांट एकविसाव्या दिवशी सुरू झाला.

कसा झाला तर माणसांनी केला. आमच्या घरातले दोघं तेव्हा आठ-आठ दिवस घरी आले नाहीत. मोटारी उघडून, धुऊन, भट्टीत नाही तर गरम हवेवर वाळवून, परत बांधून. मोठा भाऊ सांगायचा की इंजिनियर आणि हेल्पर एकाच ओळीत बसून फडक्याने बेअरिंग पुसत होते, कोण कोण आहे ते चिखलामुळे कळत नव्हतं. धीरूभाईंना १९८६ च्या फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका येऊन गेलेला होता, उजवा हात गेलेला, तरी घरात बसले नव्हते, मुंबईतून रोजचा हिशोब मागत होते असं प्लांटवर सगळे म्हणायचे. मुलं दोन्ही कामात होती.

म्हणून मला वाटतं, दिल्लीतून लायसन्स आणता येतं, पण एकवीस दिवसांत गाळातला कारखाना उभा राहिला तो दिल्लीहून आणला नव्हता. ती माणसं निवडणं, त्यांना एवढं मोकळं सोडणं की ती स्वतःहून आठ दिवस घरी जाणार नाहीत, हे त्यांचंच. आणि पुढे ६ जुलै २००२ ला गेले, मृत्युपत्र न करता, आणि मुलांमध्ये ते भांडण झालं ते सगळ्या देशाने बघितलं. एवढं पुढचं बघणाऱ्या माणसाने घरातलं कसं बघितलं नाही, मला अजून उलगडलेलं नाही.

---

गिरणगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन वेळा वाचलं, एकदा एकटीने, एकदा आईला वाचून दाखवलं.

माग दादा, तुमचं 'त्यांना कापड कळत होतं' हे वाचल्यावर आई एकदम बोलली. म्हणाली गिरणीत १९७६-७७ कडे गोडाऊनमध्ये ताग्यांचे ढीग पडून असायचे, बाबा घरी येऊन सांगायचे की माल उठत नाही, आणि बाहेर स्टेशनवर बघावं तर प्रत्येक बाईच्या अंगावर नायलॉन, पॉलिएस्टर. म्हणजे आपली गिरणी बुडणार हे त्यांना संपाच्या पाच वर्षं आधी दिसलं होतं, आणि घाबरट माणसाने घाबरूनच तो फॉर्म भरला होता. मी आयुष्यभर समजत होते की संपाने त्यांना अचानक गाठलं.

स्पष्ट साहेब, तुमचं पण पटतं. बाबांनीच एकदा १९८५-८६ च्या सुमारास पेपर वाचता वाचता आईला म्हटलं होतं म्हणे, की हा माणूस सरळ रस्त्याने चालत नाही, पण माझा डिव्हिडंड दरवर्षी तारखेला येतो आणि माझा पगार मात्र ज्यांनी सरळ चालतो म्हणून सांगितलं त्यांनी बुडवला. आईला ते वाक्य पाठ आहे. मी त्यावर काय बोलणार.

वलण काका, तुम्ही सांगितल्यावर नोटीस परत काढली. शेवटचं पान खालून कापलेलं आहे. फाडलेलं नाही, कात्रीने, बरोबर तुटक रेषेवरून, बाबांची सवय. म्हणजे गेले होते. आईला विचारलं तर तिला क्रॉस मैदान वगैरे काही आठवत नाही, एवढंच आठवतं की एके दिवशी नवीन नोकरीवरून सुट्टी घेतली होती, तळोज्याला जायचं सोडून इस्त्रीचा शर्ट घालून व्हीटीची गाडी पकडली, आणि संध्याकाळी आले ते खूप बोलत होते. संपानंतर चार वर्षांत एवढं बोलले नव्हते. काय बोलले ते विचारलं तर म्हणाली, मांडव केवढा होता ते सांगत होते, आणि मागे बसलेल्यालाही नीट ऐकू येत होतं म्हणाले.

काका, तुम्हीही मागेच बसला होतात ना?